आशाताईचा फोन: ओझं की आधार?

अभ्यास पाठ (गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी. दोन बैठकांत वाचला तरी चालेल.)



आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे सूत्र आहे. बैठकीत आपण हिमोग्लोबिनवर बोलतो, परसबागेवर बोलतो, लेकरांच्या लसीवर बोलतो. हे सगळं आपल्या दारापर्यंत घेऊन येणाऱ्या बाईच्या आरोग्यावर मात्र आपण क्वचितच बोलतो. ती बाई म्हणजे आपली आशाताई. बहुतेक गावांत ती कुठल्या ना कुठल्या बचत गटाची सभासदही असते. म्हणजे ती आपल्यातलीच एक. आजचा पाठ तिच्या मनाच्या आरोग्यावर आहे आणि तिच्या हातातल्या मोबाईलवर आहे.

हा पाठ वाचून झाल्यावर आपल्याला चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

१. कामाने मन थकतं म्हणजे काय होतं?
२. मोबाईलने आशाताईचं ओझं कसं वाढतं?
३. त्याच मोबाईलने तिला आधार कसा मिळू शकतो?
४. आपला गट आणि गाव यात काय करू शकतो?

आधी तिचं काम समजून घेऊ

आशा कार्यक्रम २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत सुरू झाला. साधारण १००० लोकवस्तीला एक आशा, आणि आदिवासी व डोंगरी भागात त्याहून कमी वस्तीला एक, असा हिशेब आहे. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पातळीवर सन्मान केला. पण सरकारी भाषेत आशा 'स्वयंसेविका' आहे. तिला नोकरीसारखा पगार नाही, केलेल्या कामावर मोबदला मिळतो.

एका बाळंतपणाचंच उदाहरण घेऊ. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी घरी आल्यावर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ-बाळंतिणीला भेटायचं असतं. घरीच बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची भेट वेगळी. बाळाचं वजन, ताप, दूध पिणं, नाळ हे सगळं बघायचं आणि नोंदवायचं. पुढे बाळ तीन महिन्यांचं झालं की पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी पुन्हा भेट. हे झालं एका बाळाचं. गावात अशी चार-पाच बाळं असतात. त्याशिवाय गरोदर बायांची नोंदणी, लसीकरणाचा दिवस, क्षयरोगाच्या गोळ्या, बीपी-शुगरची तपासणी, आभा कार्ड, साथीच्या दिवसांतलं सर्वेक्षण.

कोरोनाचे दिवस आपण विसरलेलो नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा ताप आणि ऑक्सिजन मोजायला आपल्या दारात आशाताईच उभी होती. तिला कुणी पाणी दिलं, तर कुणी लांबूनच "पुढं जा" म्हणून हाकललं. रात्री घरी गेल्यावर आपल्या लेकराला जवळ घ्यायलाही तिला भीती वाटायची. त्या दिवसांचं ओझं बऱ्याच जणींच्या मनातून अजून उतरलेलं नाही.

मन थकतं म्हणजे काय होतं?

अंग थकलं की रात्रभर झोपून सकाळी बरं वाटतं. मन थकलं की झोपून उठल्यावरही बरं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या या थकव्याची तीन लक्षणं सांगितली. ती आपल्या भाषेत अशी:

पहिलं, अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं. सकाळी उठतानाच दिवस जड वाटतो.

दुसरं, कामापासून मन तुटणं. जी ताई आधी पेशंटच्या घरी बसून दोन शब्द बोलायची, ती आता दारातूनच फॉर्म भरून निघते. चिडचिड वाढते. "काय करायचंय मला," असं वारंवार तोंडी येतं.

तिसरं, आपण करतोय त्याचा काही उपयोग नाही, आपल्याला काही जमत नाही, असं वाटणं.

ही लक्षणं दिसली की आपण काय म्हणतो? "आशाला आता माज आलाय." "मोबदला मिळतो तरी तोंड वाकडं." मैत्रिणींनो, इथे थांबून विचार करायला हवा. ती बदलली असेल तर कदाचित ती थकली आहे.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या मनाचं दुखणं ओळखण्यासाठी शासनाचा 'प्रेरणा' प्रकल्प राबवला गेला. त्यात घरोघरी जाऊन "झोप लागते का? मन उदास असतं का? जगणं नको वाटतं का?" असे प्रश्न विचारायचं काम आशांनी केलं. म्हणजे गावाच्या मनाची चौकशी आशा करते. आशाच्या मनाची चौकशी कोण करतं? आजच्या पाठातला मोठा प्रश्न हाच आहे.

मोबाईलने ओझं कसं वाढतं?

पूर्वी आशाताईकडे डायरी आणि रजिस्टर होतं. आता तेही आहे आणि मोबाईलही आहे. म्हणजे तेच काम दोनदा. मोबाईलचा त्रास तीन प्रकारचा असतो.

१. नोंदींचा त्रास. दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी रेंज शोधत नोंद भरायची. सर्व्हर बंद, ओटीपी येत नाही, फोनची मेमरी भरली, ॲप अपडेट मागतं. फॉर्ममधले इंग्रजी शब्द कळत नाहीत, मग मुलाला किंवा पुतण्याला विनवायचं. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी मिळालेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत केले होते. फोन नीट चालत नव्हते आणि पोषण ट्रॅकरमधली इंग्रजी त्यांना अडचणीची होती. काम करायला त्यांची ना नव्हती. साधन त्यांच्या सोयीचं नव्हतं. आशांच्या संघटनांनीही ऑनलाइन कामाच्या सक्तीबद्दल वेळोवेळी आवाज उठवला आहे.

२. ग्रुपचा त्रास. उपकेंद्राचा ग्रुप, प्राथमिक आरोग्य केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, गटप्रवर्तक ताईंचा ग्रुप, गावाचा ग्रुप. "आजच्या आज माहिती पाठवा" असा निरोप रात्री नऊला येतो. कुणाची माहिती राहिली तिचं नाव सगळ्यांसमोर लिहिलं जातं. चुलीपुढे बसलेली असली तरी तिचं लक्ष फोनकडे. फोनची टिंग वाजली की छातीत धस्स होतं.

३. गावाचा त्रास. हा आपण देतो. "ताई, सर्दीची गोळी आहे का?" म्हणून रात्री दहाला फोन. "माझ्या कार्डाचं काय झालं?" म्हणून पहाटे फोन. आणि तिने नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर टोमणा.

यातला पहिला त्रास आपल्या हातात फारसा नाही. दुसरा थोडा आहे. तिसरा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

तोच मोबाईल आधार कसा होतो?

आता कामाचा भाग. खाली चार उपाय आहेत. आशाताई आपल्या बैठकीला असेल तर तिच्या फोनवर तिथेच करून बघा. आरोग्य सेविका, अंगणवाडी ताई, सीआरपी ताई, सगळ्यांना हे उपयोगी आहे.

उपाय पहिला: फोनला झोपवायचं, पण अडीनडीला जागं ठेवून

आशाताई रात्री फोन बंद का करत नाही? कारण बाळंतपणाचा फोन आला तर? ही भीती खरी आहे. यावर फोनमध्येच सोय आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' म्हणजे 'व्यत्यय आणू नका' असा पर्याय असतो. कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडंतिकडं असेल. तो सुरू केला की फोन वाजत नाही. पण त्यात दोन सवलती देता येतात:

• निवडक नंबर वाजू देता येतात. नवव्या महिन्यातल्या गरोदर बायांच्या घरचे नंबर, आरोग्य सेविकेचा नंबर आणि आपल्या घरचे नंबर त्यात टाकायचे.
• एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देता येतो.

दुसरी सवलत गावासाठी फार कामाची आहे. गावाने एवढंच लक्षात ठेवायचं: रात्री जिवावरचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन लावा. साधं काम असेल तर सकाळी लावा. आशाताई निवांत झोपेल आणि अडलेल्या बाईचा फोनही चुकणार नाही. सुरू केल्यावर घरातल्या दुसऱ्या फोनवरून एकदा-दोनदा फोन लावून खात्री करून घ्या.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपचंही असंच. ग्रुप उघडून वर नावावर दाबलं की सूचना 'म्यूट' करता येतात, आठ तास, एक आठवडा किंवा कायमच्या. म्यूट केल्याने निरोप जात नाही, तो ग्रुपमध्ये राहतो, फक्त आवाज येत नाही. दिवसातल्या दोन ठरलेल्या वेळा काढून ग्रुप वाचायचा. आपल्याला न विचारता कुणी ग्रुपमध्ये घेऊ नये, यासाठीही प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये पर्याय आहे.

लिहिण्याचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर दाबून मराठीत बोला, फोन स्वतः लिहितो. लिहिलेलं एकदा वाचून मगच पाठवा, कारण नावं आणि आकडे तो कधी कधी चुकवतो.

उपाय दुसरा: जोडीदारीण फोन

शेजारच्या दोन गावांतल्या दोन आशांनी जोडी करायची. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंधरा मिनिटं फोनवर बोलायचं. काम सांगायचं नाही, माहिती मागायची नाही. फक्त तीन प्रश्न: "या आठवड्यात सगळ्यात जड काय गेलं? बरं काय झालं? माझी काही मदत होईल का?" आधी एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, मग उलट. सल्ला विचारला तरच द्यायचा.

ही पद्धत हवेतली नाही. कोरोनाच्या काळात २०२० साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या अशाच जोड्या लावल्या होत्या. ती कल्पना त्यांनी सैन्यातून घेतली, जिथे दोन शिपाई एकमेकांवर लक्ष ठेवतात. आपल्या देशातही गोव्यातून सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात आशांचा कामाचा ताण हलका करण्यासाठी प्रयोग केला. त्यात आधी काही दिवस एकत्र राहून प्रशिक्षण आणि नंतर काही आठवडे फोनवरून साथ, अशी रचना होती. म्हणजे आधी माणसं भेटली, ओळख झाली, आणि मग फोन त्या ओळखीचा धागा झाला. आपणही जोड्या लावताना हे लक्षात ठेवावं. पहिली भेट समोरासमोर, चहा घेत. फोन नंतर.

उपाय तिसरा: पाच प्रश्नांचा आरसा

बीपी मोजायला यंत्र आहे. मन कसं आहे हे कळायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक साधी चाचणी जगभर वापरली जाते. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. आपल्या शब्दांत ते असे:

१. माझं मन आनंदी, प्रसन्न होतं.
२. मला शांत, निवांत वाटलं.
३. अंगात हुशारी होती, काम करावंसं वाटलं.
४. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं.
५. रोजच्या दिवसात मला गोडी वाटेल असं काही होतं.

प्रत्येकाला ० ते ५ गुण: कधीच नाही ०, क्वचित १, निम्म्याहून कमी वेळ २, निम्म्याहून जास्त वेळ ३, बहुतेक वेळ ४, सगळा वेळ ५. पाचही गुणांची बेरीज करा. जास्तीत जास्त २५ होते. बेरीज १३ पेक्षा कमी आली तर मन दमलंय, कुणाशी तरी बोलायला हवं, असं समजायचं. हा आजाराचा दाखला नाही. बेरीज कमी आली म्हणून घाबरायचं नाही आणि जास्त आली म्हणून दुखणं लपवायचं नाही.

डिजिटल सोय कुठे? फोनच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या एका तारखेला 'माझे पाच प्रश्न' अशी आठवण लावा. गुण फोनमधल्या नोंदवहीत लिहून ठेवा. तीन-चार महिन्यांत आपल्यालाच दिसेल की कुठल्या महिन्यात मन खाली जातं. सर्वेक्षणाच्या महिन्यात? घरच्या भांडणानंतर? हे गुण फक्त तिचे. ग्रुपवर टाकायचे नाहीत, वरिष्ठांनी मागायचे नाहीत, आणि आपणही "किती आले गं?" म्हणून विचारायचं नाही.

उपाय चौथा: टेली-मानस, १४४१६

हा नंबर आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: १४४१६. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. ही केंद्र शासनाची मनाच्या आरोग्याची फोनसेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचं प्रमुख केंद्र आहे. दिवसरात्र चालते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. २०२४ साली तिचं मोबाईल ॲपही आलं. पण साध्या बटनाच्या फोनवरूनही १४४१६ लागतो, ॲप नसलं तरी काही अडत नाही.

फोन लावल्यावर काय होतं? आधी भाषा निवडायला सांगतात. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, मन हलकं करायचे उपाय सांगतात. जास्त मदत लागली तर मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जायला सांगतात.

आपल्या मनातल्या शंका

"म्हणजे मी वेडी आहे का?" नाही. पाय मुरगळला म्हणून दवाखान्यात जाणारी लंगडी होत नाही. मनाचंही तसंच.

"साहेबांना कळलं तर?" फोनवरचं बोलणं गुप्त ठेवलं जातं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त राहणं हा आपला हक्क आहे.

"घरी बोलायला जागाच नाही." खरं आहे. दोन खोल्यांच्या घरात कुठे बोलणार? शेतात, उपकेंद्राच्या मागे, किंवा मैत्रिणीच्या घरी बसून बोला. गटातल्या एखादीने म्हणावं, "ताई, माझ्या ओसरीत बसा, मी बाहेर थांबते." ही फार मोठी मदत आहे.

"माझ्याच नंबरवरून मी दुसऱ्यांना फोन लावून देते, मग स्वतःसाठी कसा लावू?" याच कारणासाठी लावा. दुसऱ्याला भरवणाऱ्या बाईलाही भूक लागते.

धोक्याची खूण

एखादी ताई म्हणाली, "आता जगण्यात अर्थ नाही," "माझ्या माघारी लेकरांकडं बघा," किंवा एकदमच शांत होऊन आपल्या वस्तू वाटायला लागली, तर हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "ताई, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने विचार नव्याने येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मन मोकळं होतं. तिला एकटीला सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा किंवा दुसरीकडे हलवा. तिच्या शेजारी बसून १४४१६ लावा. काही खाल्लं-प्यायलं असेल तर १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा. पोलिसांच्या भीतीने वेळ घालवू नका. २०१७ च्या कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं मानलं जातं आणि तिला शिक्षेऐवजी उपचार मिळणं ही शासनाची जबाबदारी आहे.

घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२.

फोन वापरताना जपायचं

• मन शांत करायची खूप ॲप दिसतात. जे ॲप फोनमधले सगळे नंबर, फोटो किंवा पैसे मागतं, ते टाकू नका.
• "तुमचा ताण बरा करतो, आधी पैसे भरा," असा अनोळखी फोन आला तर बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवा.
• पेशंटचा फोटो, रिपोर्ट, नाव गावाच्या ग्रुपवर टाकू नका. त्यावरून होणारी भांडणंही आशाताईच्याच अंगावर येतात.
• झोपायच्या आधी अर्धा तास फोन उशापासून लांब. गजरासाठी फोन हवा असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सकाळी उठावंही लागेल.

फोनने जे होत नाही

हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. मोबदला वेळेवर आला नाही, तर कुठल्याही ॲपने झोप येणार नाही. एका बाईवर तिघींचं काम टाकलं आणि वर "रोज पाच मिनिटं श्वास घ्या" असा निरोप पाठवला, तर तो निरोपही ओझ्यात भर घालतो. आशा, गटप्रवर्तक आणि अंगणवाडी ताई मोबदल्यासाठी, मानासाठी आंदोलनं करतात, तेव्हा "बायका रस्त्यावर आल्या" म्हणून आपण हसायचं नाही. त्यांच्या मनाच्या आरोग्याचा तो भागच आहे.

डिजिटल साधनाची खरी परीक्षा एका प्रश्नात आहे: यामुळे तिच्या दिवसातला वेळ वाचला का, आणि ती कुणाशी तरी मोकळं बोलली का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल, तर ते साधन आधार देत नाही.

कसं बोलायचं?

असं बोलू नका: "सगळ्यांनाच काम असतं." "देवाचं नाव घ्या, होईल बरं." "तुम्हाला तर पैसे मिळतात." "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

असं बोला: "ताई, आठ दिवस बघते, चेहरा उतरलाय तुमचा. बसा जरा, चहा टाकते." "कालच्या बाळंतपणात रात्रभर जागलात, आज जेवलात का?" "माझी माहिती मी उद्या सकाळी स्वतः आणून देते, तुम्ही खेप घालू नका." आणि मग गप्प बसून ऐका. ती रडली तर रडू द्या.

या महिन्यात गटाने काय करायचं?

खालचा ठराव नमुना म्हणून दिला आहे. चर्चा करून आपल्या गावाप्रमाणे बदल करा, इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.

"आजच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की,
१. रात्री ८ ते सकाळी ७ या वेळेत आशाताईंना फक्त बाळंतपण, अपघात, सर्पदंश, लहान बाळाचे गंभीर आजारपण अशा तातडीच्या कामासाठीच फोन करावा. तातडी असेल तर लागोपाठ दोनदा फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला आपण स्वतः फोन करावा.
२. आभा कार्ड, लसीकरण, सर्वेक्षणासाठी लागणारी कागदपत्रे आणि ओटीपीचा मोबाईल प्रत्येक घराने ठरलेल्या दिवशी तयार ठेवावा, जेणेकरून ताईंना दुसरी खेप पडू नये.
३. गटातील मोबाईल नीट वापरता येणारी एक मुलगी किंवा सून महिन्यातून दोन दिवस आशाताईंना फोनच्या अडचणीत मदत करील. पेशंटची माहिती ती बघणार नाही, कुठे सांगणार नाही.
४. १४४१६ हा नंबर ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, दूध डेअरी आणि पिठाच्या गिरणीवर लिहावा.
५. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत आशाताईंच्या अडचणी हा विषय दर वेळी घ्यावा."

पाचवा मुद्दा विसरू नका. या समितीत गावातल्या बायांना जागा असते. आपल्या गटाची प्रतिनिधी तिथे बसत असेल तर तिने हा विषय मांडावा. अडचणी लेखी गेल्या की त्या वरच्या कार्यालयातही पोचतात. आशाताईने एकटीने तक्रार केली तर ती 'तक्रारखोर' ठरते. गावाने मांडली तर तो गावाचा ठराव होतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्यापैकी कुणी कुणी गेल्या महिन्यात आशाताईंना रात्री फोन केला? काम तातडीचं होतं का? (कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त हात वर करायचा.)
२. आपल्या गावच्या आशाताईंना शेवटचं "तुम्ही कशा आहात?" असं कुणी आणि कधी विचारलं?
३. आशाताई सभासद असतील तर त्यांनी सांगावं: फोनवरचं कुठलं एक काम कमी झालं तर सगळ्यात जास्त बरं वाटेल?
४. ठरावातला कुठला मुद्दा आपल्या गावात अवघड जाईल? का?
५. आपल्या गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण स्वतः रात्री उशिरा निरोप टाकतो का? आपल्या सीआरपी ताईंना आणि लेखापाल ताईंनाही हाच नियम लावायचा का?

थोडक्यात उजळणी

• कामाचा थकवा हा स्वभावाचा दोष नाही. बळ संपणं, मन तुटणं, आपण निरुपयोगी वाटणं ही त्याची तीन लक्षणं.
• रात्रीचा फोन: तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा, नाहीतर सकाळी.
• आठवड्यातून एकदा जोडीदारीण फोन, महिन्यातून एकदा पाच प्रश्न.
• मनासाठी १४४१६. रुग्णवाहिका १०८. महिला हेल्पलाइन १८१. तातडी ११२. फसवणूक १९३०.
• फोनमुळे वेळ वाचला आणि मोकळं बोलणं झालं, तर तो आधार. नाहीतर ओझं.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचताना हा ठराव वाचून दाखवा आणि विचारा: महिनाभरात आशाताईंना रात्री साध्या कामासाठी किती फोन आले? आधीपेक्षा कमी आले असतील, तर आपल्या गटाने आरोग्याचं सूत्र पाळलं.